अठ्ठावीस सेकंद

ओउलूत जानेवारीतला सूर्य
कामावर उशिरा आलेल्या माणसासारखा
तोंड दाखवून निघून जातो.
मला त्याचं काय, माझी पाळी रात्रीची.

संत्र्याएवढं डोकं.
त्यावर आठ तारा बसवायच्या.
कातडी अशी, की चिकटपट्टी सोडवताना
आपलाच श्वास अडकतो.
सव्वीस आठवडे, सातशे ऐंशी ग्रॅम.
आमच्याकडच्या कॉफीची दीड पाकिटं,
आणि वर एक मूठ.

संशोधनाच्या फायलीत तो एकतीस नंबर.
नाव अजून नाही. म्हणजे आहे,
पण बाप्तिस्म्याआधी ते कुणाला सांगायचं नाही
अशी इथली रीत.
साइमीनं ते तोंडात धरून ठेवलंय,
गरम बटाटा धरावा तसं.

पडद्यावर रेघ.
आधी काहीच नाही.
मग एकदम घाई, दाटी,
संथ लाटेच्या पाठीवर बारीक काटा,
मग पुन्हा काहीच नाही.
मी मोजते. बारा. एकोणीस. अठ्ठावीस.
नवे डॉक्टर इथेच घाबरतात.
मोठ्या माणसाच्या मेंदूत एवढी शांतता दिसली
तर आपण नातेवाइकांना बोलावून घेतो.
याच्या वयाला ती शोभते.
खरं तर आम्ही त्याचं बोलणं मोजतच नाही,
दोन बोलण्यांमधली जागा मोजतो,
आणि ती आठवड्यागणिक आक्रसतेय का
एवढंच बघतो.

बाप, इल्पो, बर्फ फोडणाऱ्या जहाजावर असतो.
रविवारी आला, बूट काढून
मोज्यांवरच उभा राहिला पडद्यासमोर.
बराच वेळ.
मग म्हणाला, ही तर आमची खाडी.
वर गोठली तरी खाली पाणी चालू असतं.
मी हो म्हटलं नाही.
खाली पाणी आहे की नाही,
तेच तर शोधतोय, इल्पो.

सतरा नंबरच्या वेळी
हात हलला नव्हता, पापणी लवली नव्हती,
गाल गुलाबी होते.
फक्त रेघ
शिवणयंत्राच्या टाक्यासारखी एकसारखी चालू झाली
आणि थांबेना.
झटका अंगावर आलाच नाही,
आतल्या आत येत राहिला.
औषध दिलं. नंतरच्या शांतता लांबत गेल्या.
चाळीस. साठ. मग मोजायचं कारण उरलं नाही.
तिच्या आईनं जाताना कागदावर सही केली:
रेघ ठेवून घ्या.
बावन्न तासांची आहे.
यंत्राला झटका ओळखायला शिकवायचा,
तेव्हा आम्ही तीच उघडतो.
चार दिवसांचं वय,
आणि तीन वर्षं झाली, शिकवतेय.

आज पहाटे तीन चाळीसला
साइमीनं काचेच्या खिडकीतून हात आत घातला,
मुलाच्या पोटावर ठेवला,
आणि काहीतरी बोलली.
शांतता एकोणीसवर तुटली.
रेघ उठली, काटे फुलले.
"तूइरे, त्यानं ऐकलं."

नियम असा, की स्पर्शाच्या वेळची नोंद धरायची नाही.
तार हलते. गादी हलते.
आईचं मनगट हलतं, त्यातली नाडीसुद्धा
मेंदूसारखी दिसू शकते.
मी लिहिलं: ०३:४०, हालचालीचा दोष.
तेच बरोबर आहे.
उद्या प्राध्यापक हिल्टुनेन तो तुकडा कापून टाकतील,
आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही कापला असता.

पण ती जे बोलली ते नाव होतं.
तिला वाटतं यंत्राच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.
दोनच अक्षरं.
मी ती फायलीत घातली नाहीत,
घरी जाऊनही कुणाला सांगणार नाही.
बाप्तिस्म्याला बोलावलं तर
पहिल्यांदाच ऐकल्यासारखा चेहरा करायचा आहे,
त्याची तयारी आतापासून.

पुढची शांतता चोवीसची.
त्याच्या पुढची तीस.
तिसरी तार कोरडी पडलीय,
जेल लावायला हवं.